लिमये सरांचा उजवा पाय

लिमये सरांना मी बसलेलं पाहिलं ते फक्त गाडीत. घरी ते उभ्याने चहा प्यायचे, उभ्याने पेपर चाळायचे, आणि कुणाकडे जेवायला गेले की ताट हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत हिंडत जेवायचे. मेधाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, कपाळाला हात लावायच्या. "अहो, लोकांना वाटेल, यजमानांनी वाढपी बोलावलाय." सरांवर परिणाम शून्य. पायाला भिंगरी असलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण इतका अस्वस्थ जीव अख्ख्या कॉर्कमध्ये दुसरा नव्हता.

आम्ही आयर्लंडला आलो तेव्हा इथली मराठी माणसं नव्या माणसाला आधी विचारायची, घर मिळालं का, आणि लगेच पुढे, लिमये सरांचा नंबर घेतला का. सर ड्रायव्हिंग शिकवायचे. मिरजेला त्यांची मोटार ट्रेनिंग स्कूल होती. मेधाताईंना इथल्या औषधांच्या कारखान्यात मोठी नोकरी लागली आणि सर त्यांच्या मागोमाग आले. "मी डिपेंडंट," असं ते भेटेल त्याला स्वतःच सांगायचे आणि सांगताना इतकं मोठ्याने हसायचे की ऐकणाराच ओशाळायचा. मी पण डिपेंडंटच होते, पण मला कधी त्यात हसू आलं नाही. सरांनी इथल्या परीक्षा दिल्या, परवाना काढला, एक लाल गाडी घेतली आणि तिच्यात शिकवणाऱ्याच्या बाजूला जादा क्लच आणि ब्रेक बसवून घेतला. त्यानंतर कॉर्कमधल्या निम्म्या मराठी बायका त्यांच्या त्या जादा ब्रेकच्या भरवशावर रस्त्यावर आल्या.

त्यात मीही. पुण्यात मी स्कूटर चालवली होती, पण कॉर्कचे चढ म्हणजे वेगळंच प्रकरण. पहिल्याच आठवड्यात सेंट ल्यूक्सच्या चढावर सिग्नलला गाडी बंद पडली आणि मागे घसरायला लागली. मागे पावाची मोठी व्हॅन. मी ब्रेक सोडून डोळ्यांवर हात घेतले. गाडी थांबली, कारण सरांचा उजवा पाय माझ्या किंचाळण्याच्या आधी त्यांच्या ब्रेकवर पडला होता. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडले नाहीत. व्हॅनवाल्याला हात केला, मला चढावरून वर काढलं आणि म्हणाले, "डावीकडे घ्या, वहिनी. हँडब्रेक. आता सांगा, काय झालं?"

मी रडायला लागले. "रडा की, पण आधी सांगा."

हीच त्यांची पद्धत होती. चूक झाली की गाडी कडेला आणि काय झालं ते शिकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. क्लच लवकर सोडला, आरशात पाहिलं नाही, सासूबाईंच्या फोनचा विचार करत होते, काय असेल ते. सांगून झालं की विषय संपला, पुन्हा त्याचं नाव नाही. पण सांगितलं नाही तर गाडी हलायची नाही. एका इंजिनिअर गृहस्थांनी रस्त्याला, सिग्नलला आणि मनपाला, म्हणजे इथल्या कौन्सिलला, दोष देत तासभर घालवला. सरांनी त्यांचा तो तास तसाच गाडी कडेला उभी ठेवून संपवला आणि निघताना म्हणाले, "पुढच्या वेळी इथूनच सुरू करू."

नचिकेत त्यांच्याकडे याच वाटेने आला. तो नांदेडचा, सरकारी हॉस्पिटलात हाडांच्या विभागात रजिस्ट्रार. म्हणजे ऑपरेशनला हात याचा, पण डोक्यावर मोठा डॉक्टर. पोरगा हुशार, मऊ बोलणारा, दिसायला देखणा, आणि गाडीत बसला की निव्वळ भोपळा. पहिल्या टेस्टमध्ये नापास झाला तेव्हा आम्हाला सांगितलं की टेस्टर आपल्या लोकांवर खार खाऊन असतो. आमच्यातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सर मात्र गाडीभोवती फिरले, डाव्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी वाकले, आणि सरळ होत म्हणाले, "फुटपाथवर चढवलीस?"

नचिकेतही चाकापाशी वाकला. मग म्हणाला, "हो."

"मग हे आधीच सांगायचं की रे. टेस्टरला कशाला शिव्या?"

त्या दिवसापासून तो पोरगा लिमये यांच्या घरचा झाला. काका-काकू म्हणत यायचा, फ्रिज उघडून हवं ते खायचा, ड्यूटी संपली की त्यांच्या सोफ्यावर झोपायचा. टेस्ट पास झाला तेव्हा सरांनी पेढे म्हणून बेकरीतले शॉर्टब्रेड वाटले. मेधाताई मला म्हणाल्या होत्या, "आमची मुलगी टोरांटोला, वर्षातून एकदा येते. हा आठवड्यातून चारदा येतो. मुलगा कुणाला म्हणायचं तूच सांग."

मग सरांच्या उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला एक गाठ आली. दुखायची नाही, पण बोराएवढी होती ती लिंबाएवढी झाली आणि ब्रेक दाबताना टोचायला लागली. तपासलं, साधी गाठ निघाली, काढून टाकायची ठरली. योग असा की नचिकेतच्याच विभागात. मोठा डॉक्टर केरी परगण्यातला, हळू बोलणारा माणूस. तो म्हणाला, छोटं काम आहे, मी करतो, यू'ल बी ग्रँड, म्हणजे काही काळजी नको.

इथे सरांनी जे केलं ते फक्त आपलाच माणूस करेल. मिरजेत डॉक्टर ओळखीचा असल्याशिवाय कुणी साधं इंजेक्शन घेत नाही, असं सरच सांगायचे. घरटी एक डॉक्टर असलेल्या गावात वाढलेल्या माणसाला अनोळखी हात म्हणजे भीतीच. त्यांनी त्या मोठ्या डॉक्टरला सांगितलं, "तुम्ही नको. माझा मुलगा करेल." डॉक्टरने विचारलं, नक्की? सर म्हणाले, नक्की. नचिकेतचा चेहरा फुलला म्हणे. मला फोनवर सर म्हणाले, "वहिनी, आपल्या माणसाचा हात लागणार आहे. निम्मं दुखणं तिथेच बरं." मीही म्हणाले, अगदी बरोबर. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली आणि उजवं पाऊल वर उचलेना.

दाबता यायचं, पण उचलता यायचं नाही. चालताना बोटं खाली लोंबायची, पाऊल जमिनीवर फट् करून आपटायचं. नचिकेत रोज यायचा, बोटाने टोचून बघायचा आणि सांगायचा, "काका, नस सुजलीये. थोडे दिवस द्या." थोडे दिवस दिले. मग थोडे महिने दिले. पाऊल उचलून धरायला बुटात प्लास्टिकची पट्टी आली. नचिकेतची ड्यूटी वाढली, मग आणखी वाढली, आणि त्याचं येणं हळूहळू बंदच झालं. सर मात्र बसले नाहीत. घरभर ते फट् फट् सुरूच असायचं. माझी मुलगी इथेच वाढलेली, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. तिने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "आई, इज लिमये अंकल्स फूट ब्रोकन फॉरेव्हर?" सरच म्हणाले, "नो नो, जस्ट लेझी." आणि बाहेर निघून गेले.

तशातही ते शिकवत होते. एक दिवस डग्लस भागात एका मुलीने वळताना सायकलवाल्याकडे बघितलंच नाही. सरांचा पाय नेहमीसारखा ब्रेककडे गेला आणि बुटाचं टोक पेडलच्या खाली अडकलं. सायकलवाला स्वतःच उडी मारून वाचला, शिव्या देऊन गेला. सरांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि हँडब्रेक ओढल्यावर त्या मुलीला म्हणाले, "आता मी सांगतो काय झालं. माझा पाय पोचला नाही." लाल गाडी त्या दिवसानंतर त्यांनी बाहेर काढली नाही.

मेधाताईंनी त्यांना ओढत डब्लिनच्या दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. त्याने तपासण्या केल्या आणि स्पष्ट सांगितलं: नस सुजलेली नाही, कापली गेली आहे. तेव्हाच्या तेव्हा जोडली असती तर बरीच आशा होती. आता उशीर झालाय.

मेधाताई म्हणाल्या, केस करायची. त्या म्हणजे दिवसभर औषधांचा दर्जा तपासणारी बाई. "आमच्याकडे एका गोळीला चीर गेली तर अख्खी बॅच थांबवून चौकशी होते. इथे माणसाचा पाय गेला आणि कुणी विचारायचं पण नाही?" सॉलिसिटर, म्हणजे इथल्या वकील, बाईंनी सांगितलं, दावा हॉस्पिटलवर होईल, नचिकेतच्या खिशातून काही जाणार नाही, पण नाव त्याचंच निघणार. आणि कळल्यापासून दोन वर्षांत दावा केला नाही तर दारच बंद. ती मुदत संपण्याच्या सुमारालाच नचिकेतची पुढच्या ट्रेनिंगची मुलाखत होणार होती. ती मिळाली तर सर्जन, नाही तर नांदेड.

ही बातमी गणपतीच्या हॉलमध्ये पोचली आणि आमच्या मंडळींना कंठ फुटला. एक जुने डॉक्टर, सबनीस, हातातला मोदक न ठेवता म्हणाले, "कॉम्प्लिकेशन होतात हो. त्यासाठी आपल्याच पोराच्या पोटावर पाय द्यायचा?" दुसरं कुणी म्हणालं, आपली नाचक्की होईल, उद्या आपल्या डॉक्टरांना कोण घेईल. मी विचारलं, "हेच गोऱ्या डॉक्टरने केलं असतं तर?" सबनीस म्हणाले, "ते वेगळं." कसं वेगळं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मोदक संपवला. माझा इतका संताप झाला की आरतीला मी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. सर हॉलच्या मागच्या दारापाशी येरझारा घालत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. सर सोमवारी सॉलिसिटरची वेळ घ्यायचे, बुधवारी फोन करून रद्द करायचे, शुक्रवारी पुन्हा घ्यायचे. तिथली रिसेप्शनची मुलगी त्यांचा आवाज ओळखायला लागली होती. माझ्याकडे यायचे आणि स्वयंपाकघरात फिरत राहायचे. एक एक कपाट, इथल्या भाषेत प्रेस, उघडायचे, आत बघायचे, बंद करायचे. "बिजागर सैल आहे, वहिनी." बिजागर आवळायचे आणि लगेच पुढचं उघडायचे. एकदा तसंच कपाटात डोकं घालून म्हणाले, "केस केली तर पोरगं जातं. नाही केली तर मी जातो. दोन्ही नको असेल तर काय करायचं?"

मी म्हणाले, "तुमचा पाय गेलाय, सर. त्याचं काय गेलंय?"

"मीच मागितला होता ना त्याचा हात." ते मला पटलं नाही, आणि अजून पटत नाही.

मुदत संपत आली असताना एका शनिवारी दुपारी नचिकेत स्वतः आला. मी मेधाताईंबरोबर भाजी निवडत होते. त्याने दार उघडलं ते पूर्वीसारखं, बेल न वाजवता, पण आत न येता तिथेच उभा राहिला. मेधाताईंनी "ये" म्हटलं नाही. सर खिडकीपासून दारापर्यंत दोनदा चालले आणि म्हणाले, "चल, गाडीत बसू."

त्याचीच गाडी समोर उभी होती. तो चालवायच्या जागेवर, सर शेजारी. गाडी सुरूही केली नाही. आम्ही दोघी खिडकीतून बघत होतो. ऐकू येत नव्हतं, पण सरांनी काय विचारलं असेल ते मला माहीत होतं. नचिकेत कितीतरी वेळ स्टिअरिंग धरून बसला होता. मग बोलायला लागला तो थांबेना. मेधाताईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

तो निघून गेल्यावर सर आत आले आणि त्यांनी आम्हाला सांगितलं. गाठ काढताना नचिकेतला तिथल्या तिथे शंका आली होती, की आपण कापलं ते गाठीचं नव्हतं. मोठा डॉक्टर शेजारच्या खोलीत दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होता. हाक मारली असती तर आला असता. याला वाटलं, नसेल तसं. मग वाटलं, काकांनी मोठ्या डॉक्टरला बाजूला करून मला पुढे केलं, आता कुठल्या तोंडाने त्यालाच बोलावू? आणि याने टाके घातले.

मेधाताई खाली बसल्या. मला वाटलं, आता हा भला माणूस म्हणणार, पोराने कबूल केलं, सोडून द्या. तेच त्यांच्या स्वभावात होतं. तेच आमच्या मंडळींनाही हवं होतं.

सर म्हणाले, "कापलं ते मी माफ केलं. सगळ्यांची चूक होते, म्हणून तर गाडीला दुसरा ब्रेक बसवतात. ह्याने दुसऱ्याला हाक मारली नाही. आणि नंतर रोज येऊन माझं पाऊल बघितलं, आणि रोज म्हणाला, सुजलंय." मग मेधाताईंकडे वळून म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतं तर जोडता आली असती, मेधा. हे मी मिटवलं तर हा पुढच्या वेळी पण टाके घालेल."

"म्हणजे?" मेधाताईंनी विचारलं.

"म्हणजे केस."

तो शब्द उच्चारताना त्यांचा आवाज फाटला. ही गोष्ट आमच्या मंडळींत कुणाला पटत नाही. त्यांना वाटतं, लिमये पैशाला भुलले, किंवा बायकोने भरीस घातलं. मी तो आवाज ऐकलाय. पैशासाठी माणसाचा आवाज असा होत नाही. पोरावर जीव नसता तर त्यांनी केस सहज सोडून दिली असती, असं माझं मत आहे, आणि ते मी सबनिसांना तोंडावर सांगितलंही आहे.

सॉलिसिटरकडे त्यांना मीच नेलं. मेधाताईंना सुट्टी नव्हती आणि सर आता स्वतः गाडी चालवत नव्हते. तिचं ऑफिस साउथ मॉल नावाच्या रस्त्यावर, आणि तिथे गाडी लावायला जागा मिळेल तर तो चमत्कारच. पिवळ्या दुहेरी रेषेवर, म्हणजे थांबायला मनाई असते तिथे, क्षणभर थांबवून मी त्यांना उतरवलं आणि लांब कुठेतरी जाऊन उभी राहिले. काम आटोपल्याचा मेसेज आला तेव्हा परत गेले. सर फुटपाथवर होते, खांद्यावर पावसाचे थेंब, आणि गाडीत न बसता फोन लावत होते. मी काच खाली केली.

"दुसऱ्या कुणाकडून कळायला नको," ते मला म्हणाले. मग फोनमध्ये, "नचिकेत, मी काका. केस केली रे."

मग तेच पुढे बोलले. "मुलाखतीला जा. लपवू नकोस, विचारलं तर सांग, आहे म्हणून. आणि हे बघ, ह्या वकीलबाई म्हणतायत की इथून पुढे तू आणि मी एकमेकांशी बोलायचं नाही. निकाल लागेपर्यंत. किती दिवस ते त्यांनाही माहीत नाही. तेव्हा तुला काय बोलायचंय ते आता बोल. मी ऐकतोय."

मागून बसवाल्याने हॉर्न दिला. समोरून गाड्यांना दंड लावणारा वॉर्डन येताना दिसला. मी सरांना खूण केली, बसता का? त्यांनी मान हलवली. मग मला गाडी काढावी लागली. तिथले रस्ते सगळे एकेरी, एकदा सुटलं की नदीपर्यंत जाऊन, पूल पाहून, दोन सिग्नल घेऊनच परत येता येतं. मी परत आले तेव्हा ते त्याच खांबापाशी होते. फोन कानाला, बोलत नव्हते. पाऊस वाढला होता. वॉर्डन अजून तिथेच, म्हणून मी पुन्हा नदीकडे गेले. परत आले तरी ते तसेच. त्यांच्या बाजूने लोक छत्र्या सावरत जात होते.

त्यानंतर महिन्याभरात नवऱ्याच्या नव्या नोकरीसाठी आम्ही डंडॉकला गेलो. फोनवर मेधाताई भेटतात, केस चालू आहे म्हणतात. पण सरांना मी शेवटचं बघितलं ते त्या दिवशीच.

त्या दिवशी मी तिसऱ्यांदा फिरून आले तेव्हा वॉर्डन गेला होता. मी गाडी त्यांच्यासमोर थांबवली, पलीकडचं दार आतून उघडलं आणि थांबले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते. फोनवर हात ठेवला, हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, अजून बोलतोय तो," आणि बोट फिरवून खूण केली, की अजून एक चक्कर मारून या.

मी दार ओढून घेतलं, आरशात पाहिलं, आणि निघाले.